बावीसचं ॲव्हरेज

परवा एका साखरपुड्यात, बुफेच्या रांगेत रिकामं ताट धरून उभ्या असलेल्या एका काकांनी नवऱ्या मुलाला पहिला प्रश्न टाकला, "गाडी ॲव्हरेज किती देते?" मुलगा बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "सोळा-सतरा." रांगेत शांतता पसरली. मुलाला जुनं दुखणं असल्याचं ऐन साखरपुड्यात कळावं, तशी. मुलीचे मामा पापडाकडे बघू लागले. मग काकांनी खिशातून चष्मा काढावा इतक्या सहज आपला आकडा काढला. "आमची बावीस देते."

हे काका तुमच्या ओळखीचे आहेत. प्रत्येक घराण्यात एक असतात. काही घराण्यांत दोन असतात आणि मग लग्नकार्यात त्यांना वेगवेगळ्या खोल्या द्याव्या लागतात.

ॲव्हरेज म्हणजे सरासरी. चार आकडे घ्यायचे, बेरीज करायची, चाराने भागायचं, असं शाळेत शिकवलं होतं. काकांच्या ॲव्हरेजमध्ये आकडा एकच असतो आणि तो जन्मभरातला उच्चांक असतो. मी जरा खोलात गेलो (सदर लिहिणाऱ्याला दुसरं काम काय). तर हे बावीस एकदाच मिळालंय. पहाटे लोणावळ्याला टाकी फुल केली, खाली पनवेलला पुन्हा फुल करून भागाकार केला. आता लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आणि पनवेल जवळजवळ खाडीतच. म्हणजे सगळा बोरघाट गाडी घरंगळत आली. हे गाडीचं ॲव्हरेज नाही हो, सह्याद्रीचं आहे! "आणि परत वर चढताना किती पडलं?" मी विचारलं. "तेव्हा मोजलं नाही."

शिवाय घाट उतरताना काका गाडी न्यूट्रलला टाकतात. पेट्रोल वाचतं म्हणे. कार्बोरेटरच्या जमान्यात या म्हणण्यात थोडं तरी तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाचं पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू राहण्यापुरतं पुन्हा प्यायला लागतं. वर गिअरची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि खाली पोचेपर्यंत गाडीत जळका वास येतो. हे सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "आपला अनुभव वेगळा आहे." पंपावरही तेच. नोझल खटकन बंद झालं तरी "बसव, अजून बसव" चालूच, आणि स्वतः मागे जाऊन गाडी हलवणार. डब्यात रवा बसवावा तशी. ते जादा पेट्रोल टाकीची वाफ अडवणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो डबा खराब होऊ शकतो. पण काकांना एवढ्यात अनुभव बदलायचा नाही.

मध्यंतरी पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि काकांना आयुष्यभराचा आरोपी मिळाला. "बावीसवरून पंधरावर आली गाडी!" इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, हे खरं. त्याचं वीस टक्के मिश्रण म्हणजे सहा-सात टक्क्यांची घट. बावीसमधून दीड गेलं. उरलेलं साडेपाच कोणी खाल्लं? कोणी नाही. ते कधी नव्हतंच.

इथवर मी हसत होतो. पण रांग पुढे सरकली, पनीर आलं आणि काका संसारावर आले. "हे बघ, लग्न म्हणजे नवी गाडी. सुरुवातीला रेस करायची नाही. आमचं बघ, तीस वर्षांत एक भांडण नाही." काकू आमच्या मागे तिसऱ्या होत्या. त्या कोशिंबीर वाढून घेत राहिल्या. "आणि खर्चाचं म्हणशील, तर आमचं घर वीस हजारांत चालतं."

पुन्हा लोणावळा ते पनवेल! वीस हजार ही रक्कम काका दर एक तारखेला ओट्यावर ठेवतात, आणि गेली दहा वर्षं तेवढीच ठेवतात. या दहा वर्षांत तूरडाळीने कितीदा शंभरी ओलांडली, तेलाच्या पिशवीचं काय झालं, ते यांना विचारू नका. यांनी शेवटची डाळ विकत आणली तेव्हा गाड्यांना चोक होता. वीस हजारांवरचा सगळा घाट काकू चढतात. ब्लाउज शिवून, पिको-फॉल करून, संध्याकाळी चार पोरांच्या शिकवण्या घेऊन. उतार यांचा, चढ तिचा, आणि चारचौघांत सांगायचं ॲव्हरेज मात्र यांचं. वर मे महिन्यात गाडीतला एसी बंद, काच अर्धी खाली, काकू पुढच्या सीटवर घडी घातलेल्या वर्तमानपत्राने वारा घेतायत. कशासाठी? महिन्याला सहाशे किलोमीटरचं रनिंग. अठराचं ॲव्हरेज वीस झालं, तर वाचतात तीन-सव्वातीन लिटर. साडेतीनशे रुपये! त्याच महिन्यात साडेचार हजारांची सीटकव्हरं आली. पण तो खर्च नव्हे, ते मेन्टेनन्स. खर्च म्हणजे काकूंनी आणलेली नवी कढई. जुनीचा कान तुटला होता, तरी.

"हिला ॲव्हरेज वगैरे काही कळत नाही," काका गुलाबजाम घेत म्हणाले आणि हसले. रांगेतले आणखी दोन पुरुष हसले. नवरा मुलगाही हसला, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

नंतर एकदा त्यांच्या घरी जाणं झालं. स्वयंपाकघरात गॅसच्या वर कॅलेंडर आहे. काकू सिलिंडर लावला की त्या तारखेला बॉलपेनने "गॅस" लिहितात, संपला की मधले दिवस मोजून बाजूला आकडा टाकतात. जुनी कॅलेंडरंही त्याच खिळ्याला मागे लटकलेली आहेत, सात-आठ वर्षांची. भरलेला गॅस प्रत्येक वेळी 14.2 किलो. मागचा सिलिंडर अठ्ठेचाळीस दिवस गेला. त्याआधीचा एकतीस, कारण नणंद आली होती. दोन्ही आकडे लिहिलेले आहेत.