बिनबॅटरीची नोट

नॅनो-जीपीएस चिप हे भारतातील सर्वांत काटकसरी उपकरण होय. नोव्हेंबर 2016 मध्ये ते दोन हजारांच्या नोटेच्या पोटी जन्मले. बारसे काही वृत्तवाहिन्यांनी केले. त्याला बॅटरी लागत नाही, चार्जर लागत नाही. 120 मीटर खोल पुरले तरी ते उपग्रहाला ठावठिकाणा कळवते. (महागडा मोबाइल न्हाणीघरातच मान टाकतो, पण ती तुलना औचित्याला सोडून होईल.) रिझर्व्ह बँकेने अशी चिप नसल्याचे सांगितले; थोर शोधांना असा विनय शोभतोच.

देवास जिल्ह्याला याचा विशेष लाभ शक्य होता. नोटा छापणारी बँक नोट प्रेस देवासलाच आहे, आणि 120 मीटर, म्हणजे जवळपास चारशे फूट, ही खोली पीपलरावांसारख्या गावात बोअर घेणाऱ्याला नवी नाही. बोअरमध्ये नोट सोडावी, पाणी लागले की उपग्रहाने शेतकऱ्याला फोन करावा. खाली अडकलेल्या मोटारीची चौकशीही त्याच खर्चात.

19 मे 2023 रोजी ही नोट मागे घेण्याचे जाहीर झाले. तेव्हा रिझर्व्ह बँकेने उपग्रहाला न विचारता लोकांनाच नोटा बँकेत आणून द्यायला सांगितले. 98 टक्क्यांहून अधिक परत आल्या. उरलेल्यांनी अद्याप ठावठिकाणा कळवलेला नाही.