अडीच की तीन?

"वहिनी, कोपऱ्यावरच्या बंगल्यातले पेढे पोचले का?"

"पोचले हो, आणि पाठोपाठ फुशारकीही पोचली. नव्या ई-स्कूटरची बॅटरी म्हणे तीन युनिटची!"

"कसली तीन! परवा हळदीकुंकवाला गेले तेव्हा सीटखालचं स्टिकर वाचूनच आले मी. ५१.२ व्होल्ट, ५० अँपिअर-अवर. करा गुणाकार. २५६० वॉट-अवर. हजाराने भागलं की २.५६ किलोवॉट-अवर, आणि किलोवॉट-अवर म्हणजेच आपल्या बिलातलं युनिट. अडीच म्हणा फार तर."

"पन्नासच? आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तर दीडशे लिहिलंय."

"पण व्होल्ट बाराच ना तुमचे? बारा दीडशे अठराशे. म्हणजे दोन युनिटंसुद्धा नाहीत. नुसत्या अँपिअर-अवरवर भाळू नका."

"मग हे तीन आणतात कुठून?"

"चार्जरवरून! त्याच्यावर ५८.४ व्होल्ट छापलेत. महाशयांनी त्यालाच पन्नासने गुणलं, झाले २९२०. माझा दीर बॅटऱ्या जोडतो, त्याला विचारलं मी. आत एलएफपीचे सोळा सेल एकापुढे एक, सिरीजमध्ये. एकेकाचे ३.२ व्होल्ट धरायचे. भरत आला की सेल ३.६५पर्यंत चढतो खरा, पण गाडी निघाली की लगेच उतरतो. तो शेंड्यावरचा आकडा हिशेबाला घ्यायचा नसतो."

"पण आमच्या ह्यांना त्यांनी मीटर दाखवला की! रिकामी बॅटरी रात्रभर लावली, सकाळी २.९ युनिट पडलेलं."

"पडणारच. चार्जरला हात लावून बघा, केवढा तापतो. एसीचं डीसी करताना आणि सेलमध्ये भरताना थोडी वीज अशी वाटेतच जाते. पातेल्यात तीन लिटर दूध ओतलंत आणि थोडं ओट्यावर सांडलं, तर पातेलं तीन लिटरचं ठरतं का? त्यात ती अडीचही गाडी पुरती वापरू देत नाही. आत बीएमएस बसवलेलं असतं, ते तळाशी थोडं राखून ठेवतं. आपण नाही का तांदळाच्या डब्यात मूठभर ठेवत, तसं."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"मी? आणि उद्या भाजीला कुणाच्या स्कूटरवरून जाऊ? अगंबाई, इकडेच येतायत. धरा, हा कढीपत्ता घ्या हातात."