तातडीचे व अत्यंत महत्त्वाचे

मास्तरांना फसवणं सोपं नसतं, हे कोणताही विद्यार्थी सांगेल. प्रगतिपुस्तकावर बापाची सही पोरानंच ठोकली आहे, हे आमच्या मराठीच्या बाई लांबूनच ओळखतात. गणिताचे सर नुसत्या चुकलेल्या उत्तरांवरून कोण कोणाच्या मागं बसलं होतं ते सांगतात. आजी वारली म्हणून रजा मागणाऱ्याला हेडसर एवढंच विचारतात, ‘‘या वर्षातली कितवी?’’ अशी ही जन्मजात संशयी जमात मोबाइलवर ‘तातडीचे’ हा शब्द दिसला, की मुकाट्यानं माहिती भरायला बसते.

यात आमचा भोळेपणा नाही, आम्हाला तसं वळणच लावलंय. मध्यंतरी सायबर सुरक्षेची कार्यशाळा झाली. साधन व्यक्तींनी फसव्या मेसेजची लक्षणं फळ्यावर लिहिली : घाई असते, धमकी असते, लिंक असते, आधार क्रमांक नि बँक खातं मागितलेलं असतं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, हे तर आपल्या केंद्राच्या ग्रुपवर रोजच असतं.’’ खोटं काय होतं त्यात? ‘सोबतची लिंक आज बारापर्यंत भरावी, अन्यथा पगारबिल स्वीकारले जाणार नाही व होणाऱ्या परिणामास मुख्याध्यापक जबाबदार राहतील’ हे आम्ही परिपाठाआधी वाचतो. चोर याहून वेगळं काय लिहिणार? तो बिचारा निदान पगार अडवत नाही, झाल्यावरच येतो. अशुद्ध लेखनावरून खोटा मेसेज ओळखा म्हणतात. त्या कसोटीवर निम्मी परिपत्रकं बाद होतील. शेवटी ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असं बजावून कार्यशाळा संपली आणि ग्रुपवर हजेरीची लिंक आली. कोणी पाठवली, हे कोणी विचारलं नाही. हजेरी शंभर टक्के.

पासवर्डचं तर विचारूच नका. प्रत्येक सरकारी पोर्टलचा निराळा : शालार्थचा वेगळा, सरलचा वेगळा, यू-डायस प्लसचा वेगळा. संगणक कक्षातल्या मॉनिटरला सेलोटेपनं चिठ्ठी डकवलेली असते : लाल शाईत पासवर्ड, खाली हिरव्या शाईत ‘गोपनीय’. शाळेचं नाव, मग ॲट, मग १२३. काही चतुर शाळा अकरा अंकी यू-डायस क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवतात. तो दर्शनी भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेला असतो, त्यामुळे विसरायची भीती नाही. या कुलपामागं पोरांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, आयांची नावं, बापांचे मोबाइल असतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आमच्याकडे अख्ख्या वर्गाची यादी ‘कोणाची राहिली असल्यास कळवा’ म्हणून ग्रुपवर फिरते.

लगीनसराईत मोबाइलवर पत्रिका येतात. खरी पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नव्हे, अख्खं ॲप असतं. ते बसवलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ओटीपी परस्पर चोराला पोचवतं आणि तीच पत्रिका तुमच्या नावानं साऱ्या ग्रुपला धाडतं. आहेर पूर्ण, जेवण नाही. दुसरा प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’चा. पोरांना जन्मभर वर्गाबाहेर उभं करणारे गुरुजी व्हिडिओ कॉलवरच्या तोतया फौजदारासमोर तासन्‌तास हलत नाहीत. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही.

तेव्हा गुरुजनहो, नवं काही शिकायला नको. कॉपी पकडणारी नजर जरा मोबाइलकडे वळवा. हेडसरांच्या नावानं पैशांची मागणी आली, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर हेडसरांनाच फोन लावा. ओटीपी कोणालाही सांगू नका, मागणारा ‘वरून आदेश आहे’ म्हणाला तरी. मॉनिटरवरची चिठ्ठी आजच काढा. आणि पैसे गेलेच, तर लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जाते, म्हणून जितकी लवकर तक्रार, तितकी ती गोठवली जाण्याची आशा जास्त. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, स्टाफरूममधली चर्चा नंतर.