वायसरचा मुहूर्त

परळच्या चाळीत गाडीचा बोल्ट ढिला झाला की ते मालकाच्या आधी काकांना कळतं. काका नेमके कोणाचे, हे विचारायचं नाही. परळ-लालबागच्या प्रत्येक चाळीत ते असतातच. गिरणीच्या मेंटेनन्समधले माजी फिटर, बाह्यांचा गंजीफ्रॉक, कानावर पेन्सिल, आणि कोणी विचारायच्या आत तयार असलेलं मत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, भोंगे थांबले, पुढे साचे, म्हणजे माग, भंगारात गेले. काकांच्या हातातला पाना मात्र अजून खाली आलेला नाही. साचा नाही तर शिलाई मशीन, ते नाही तर कोणाचा मिक्सर. आणि नशीब फळफळलं तर एखादी जुनी बुलेट.

ते माझ्या रूपाने फळफळलं. वडिलांची १९७४ची साडेतीनशे बुलेट माझ्याकडे आहे. दिवाळीला पाऊण पगार घालून मी तिच्या फ्रेमला असा जाड काळा रंग चढवून घेतलाय की त्यात बघून भांग पाडावा. फक्त हल्ली ती उभ्या उभ्या अशी थरथरायची की आरसे हलून मागचा माणूस दोन-दोन दिसे. इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट आवळले की आठ दिवसांत ढिले.

"नागदेवीला जाऊन चार वायसर आणतो," मी गॅलरीतून कोणाला तरी म्हणालो. ही चूक झाली.

"कसले वायसर?" खालून आवाज आला.

"साधेच."

"साधे म्हणजे मटेरियल काय?"

त्या दिवशी रविवार होता. पुढचे तीन रविवारही त्यातच गेले.

काकांचं निदान पद्धतशीर असतं. आधी त्यांनी गाडी चालू करायला लावली आणि खिशातून चाराण्याचं जुनं नाणं काढून टाकीवर ठेवलं. कंपन मोजायचं हेच त्यांचं यंत्र. नाणं जागच्या जागी उडालं, सायलेन्सरवर आपटलं आणि थेट मोरीत गेलं. काकांनी मान हलवली. केईएममधला मोठा डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून अशीच हलवतो.

मग डालड्याचा डबा आला. त्यात गिरणीत जमवलेले वायसर: लोखंडी, पितळी, तांब्याचे, चामड्याचे, आणि तपकिरी हायलमचे, जे काका 'माझ्या हातचे' म्हणून दाखवतात. प्रत्येकाला वंशावळ. चामड्याचा वायसर म्हणजे साच्यातल्या पिकरचा तुकडा, अस्सल म्हशीचं कातडं. "हा पिकर धोट्याला दिवसभर थपडा मारायचा. मिनिटाला दीड-दोनशे. तुझं इंजिन याच्यापुढे काय?"

"मग हाच घालू या?"

"मेल्या, तेल लागलं की फुगतो हा."

काकांची हीच खुबी. ते आधी प्रत्येक मटेरियलच्या प्रेमात पाडतात आणि मग लग्न मोडतात. तांबं? मऊ, तेलाच्या बोल्टखाली लाल करून घालावं, गळती बंद. पण इंजिनाखाली चेपणार. पितळ? देव्हाऱ्यात. मी स्टेनलेस म्हटलं तर ते दुखावलेच. "केस अॅल्युमिनियमची, वायसर स्टेनलेसचा, वर आपली खारी हवा. दोन धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरी झाली. स्टेनलेस चमकत राहील, अॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जाईल." हे मात्र खरं आहे, मी नंतर दोन ठिकाणी विचारून घेतलं.

नायलॉन तर त्यांनी हातातही धरला नाही. "दाबाखाली सरकतं. आज आवळ, महिन्याने नट हाताने फिरव."

दुसऱ्या रविवारी समोरच्या चाळीतले रेल्वेवाले आले. हे परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. गिरणी आणि रेल्वे यांच्यात जुनं वैर असतं. गिरणीवाला सुतात बोलतो, रेल्वेवाला टनात. काकांनी पाऊण सूत जाडी म्हटली की हे दीड सूत म्हणायचे. त्यांच्या मते इंजिनाखाली रबर हवंच.

"१९६७ साली इंग्लंडात नॉर्टनने कमांडो काढली," ते म्हणाले. "अख्खं इंजिन रबरात टांगलं. बाजूची फट पातळ चकत्यांनी दहा थाउवर जुळवायची. तिथे टेफ्लॉनच्या चकत्यासुद्धा चालतात."

मलाही चेव आला. टेफ्लॉन अमेरिकेत १९३८मध्ये योगायोगाने सापडलं, अशी भर मी घातली. काकांनी दोघांनाही पूर्ण बोलू दिलं. मग खाली बसून बुलेटच्या पोटाखाली बोट दाखवलं.

"ही पुढची नळी बघ. इंजिनाशी येते आणि संपते. खाली पाळणा आहे? नाही. या गाडीत इंजिन हाच फ्रेमचा तुकडा. रबर घातलंस तर गाडीला मधूनच कंबर फुटेल. नॉर्टनचं इंजिन पाळण्यात झोपतं, आपलं भिंतीतली वीट आहे. विटेखाली कोणी टेफ्लॉन घालतं?"

रेल्वेवाले गप्प झाले. पण जाता जाता म्हणालेच, "जाडी तरी दीड सूत ठेवा."

म्हणजे साधं लोखंड. दोन रविवार फिरून आम्ही माझ्या पहिल्या वाक्यावर आलो होतो. तसं मी बोलून दाखवलं. काकांनी डब्यातून एक लोखंडी वायसर काढला आणि माझ्या अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून फिरवलं. एका बाजूला कड गोलसर, दुसरीकडे बारीक काटा लागला. "ठोकून काढलेल्या वायसरला तोंड आणि पाठ असते. बाजारात तू हे बघणार होतास?" नव्हतो बघणार. ते कानस घेऊन बसले आणि तिसऱ्या रविवारी, दुपारच्या जेवणापर्यंत, चार वायसरांचा काटा मारला. मग काचेच्या तुकड्यावर निळं लावून प्रत्येक वायसर घासून बघितला, सगळीकडे टेकतो की नाही. या सगळ्या वेळात त्यांच्या मोरीतला नळ गळत होता आणि काकू दर अर्ध्या तासाने बादली बदलत होत्या.

मधे मी त्यांना सरकारी खबर दिली. २०२१च्या नियमाने पन्नास वर्षं झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी वीस हजार, पण रोज चालवायची नाही. काका बराच वेळ कानस फिरवत राहिले. "वीस हजार भरून घरी बसायचं? आम्ही फुकट बसलो."

चौथ्या रविवारी बोल्ट काढले. वायसर पुसून, फडक्यावर ओळीने मांडलेले. रेल्वेवाले खुर्ची घेऊन हजर. काका पुढच्या प्लेटवर वाकले आणि तसेच राहिले. बोल्टच्या भोकाभोवती काळ्या रंगाचं कडं चेपून, पापुद्रे सुटून आलं होतं. त्यांनी नखाने एक पापुद्रा उचलला.

"हे काय?"

"रंग."

"जाड आहे."

"जादा पैसे देऊन दोन हात मारून घेतलेत."

वायसर आणि प्लेट यांच्या मधे रंग होता. रंग दबतो, थरथरीने त्याची भुकटी होते, तेवढी जागा रिकामी होते आणि बोल्टचा ताण जातो. वायसर सोन्याचा घातला तरी तेच. रेल्वेवाल्यांना इतका आनंद दीड सूत जाडी मान्य झाली असती तरी झाला नसता.

"तरी मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," काका म्हणाले. त्यांनी हे कधीही सांगितलेलं नव्हतं.

पाऊण पगाराचा रंग चार ठिकाणी पॉलिश पेपरने घासून लोखंडापर्यंत नेला, ते माझ्याच हाताने. मग वायसर बसले, बोल्ट आवळले. शेवटचा अर्धा फेरा काकांनी कोणाला दिला नाही. गाडी चालू केली. आरशात मागचा माणूस एकच दिसला, म्हणजे साधारण दीड.

काकांनी डब्यातून दुसरं चाराण्याचं नाणं काढून टाकीवर ठेवलं. सगळे श्वास रोखून बघत होते. नाणं थोडं थबकलं, मग हळूहळू सरकत कडेला गेलं आणि खाली पडलं.

"पडलं," रेल्वेवाले म्हणाले.

"पडलं," काका म्हणाले, "पण आधी उडून पडत होतं. आता चालत जाऊन पडलं."