वहिनींच्या मधल्याची गाडी

अहो, ऐकलंत का? नाही, अशा इकडे या, कुंपणापाशी. पलीकडे पोफळींना पाणी सोडतायत ना, त्यांच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत चोंढी नाक्यावर पोचलंच म्हणून समजा. आपल्या वहिनींचा मधला, सिडनीचा हो, त्यानं ती माझदा घेतली ना, आरएक्स-8? तांबडी? फोटो अख्ख्या किहीमनं पाहिलाय. तर तिच्यावरून रविवारी काय झालं म्हणून सांगू...

पडवीत व्हिडिओ कॉल चाललेला. मी आपली कोकमं परत द्यायला गेले होते. वहिनींचे मोठे दीर, आपले भाऊ, तेही होते, एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला त्यांचा. मधला आपला रंगात येऊन सांगतोय, काका, ह्या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्हही नाहीत. भाऊंचा चहा बशीतच राहिला! "मग आहे काय रे त्यात?" तर म्हणे रोटर. फुगीर सामोशासारखे दोन लोखंडी त्रिकोण, एकेक 654 सीसीचा, आत गरगर फिरतात. टर्बो-बिर्बो काही नाही. आणि तरी ह्याच जातीच्या इंजिनानं, चार रोटरच्या, 1991 साली ल मान्सची 24 तासांची शर्यत मारली. भाऊ शांतपणे म्हणाले, "त्यांना दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन ऑफिसला जायचं नव्हतं."

तर काय सांगत होते, ह्याला आता गाडीचा कॉम्प्युटर बदलायचा होता. इसीयू म्हणतात. कंपनीचा काढायचा आणि बाजारातला बसवायचा, म्हणजे पावर वाढते म्हणे. आणि सल्लागार किती! ऑफिसातला मित्र म्हणतो हॅलटेक घे, आपल्या सिडनीचीच कंपनी, 1986 पासूनची. नणंदेचे जावई न्यूझीलंडचे, क्राइस्टचर्चला असतात, त्यांचं आपलं एकच, लिंक. का, तर ती त्यांच्या गावची! आणि खालच्या मजल्यावरचा तो मुलगा, त्याचं मेगास्क्वर्ट, स्वस्तात होतं, पण सोल्डरिंग स्वतः करायचं. सुनेचा चेहरा तिथेच उतरला. डायनिंग टेबल कुणाचं खराब होणार, सांगा?

इतकं सगळं ऐकून भाऊंनी विचारलं काय, तर "त्या त्रिकोणाच्या टोकांना तेल कोण पाजतो?"

अहो, मधला गप्प! कारण खरी गोम तिथेच आहे. त्या टोकांना सील असतात, त्यांना थोडं थोडं इंजिन ऑइल जाळावंच लागतं, आणि ते सोडणारा पंप कॉम्प्युटरच चालवतो. नव्या डब्याला तो पंप चालवता आला नाही, तर पेट्रोलमध्ये हातानं तेल मिसळत बसा, लुनाला घालायचो तसं. शिवाय एकेका रोटरला दोन-दोन प्लग, दोन्ही वेगवेगळ्या क्षणी पेटायचे. ह्याच्या मॉडेलला इंजेक्टर सहा. स्टिअरिंग आणि समोरचे काटेसुद्धा त्याच कॉम्प्युटरच्या निरोपावर. नव्याला ती भाषा आली नाही तर काटे मेले आणि स्टिअरिंग दगड. हे सगळं तो स्वतःच मग हळूहळू कबूल करत गेला...

आणि एवढं करून वाढणार किती? टर्बोवाल्यांचं ठीक आहे, हवेचा दाब वाढवला की ताकद वाढली. ह्याच्यात वाढवायला दाबच नाही. पोर्ट बदललेले नाहीत, इनटेक आहे तोच, फक्त सायलेन्सर मोठ्या आवाजाचा लावलाय. कंपनीनं आधीच पिळून घेतलेलं लिंबू ते. माझं मत विचाराल तर... पण मला कोण विचारतंय!

हं, तर खरी गंमत पुढेच. शेवटी गेला एका ट्यूनरकडे. तो म्हणाला, डबा कुठला ते नंतर, मी रोज ज्याच्यावर काम करतो तोच घे म्हणजे झालं. आधी कम्प्रेशन बघू. साधा गेज नाही हं चालत, तो तीन बाजूंपैकी सगळ्यांत चांगलीच दाखवतो. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो. अडीचशे आरपीएमला किमान 680 किलोपास्कल हवं म्हणे. पुढचा रोटर ठीक. मागचा... तिन्ही बाजूंनी खाली.

आणि सून पडद्यावर मागून काय म्हणाली असेल? "मी दिवाळीपासून सांगतेय, गरम झाली की सुरू होत नाही." मॉलच्या पार्किंगमध्ये दोनदा ढकललीन बिचारीनं, पैठणी नेसून! गरम इंजिन सुरू न होणं हीच तर ह्या आजाराची खूण. आधीच्या मालकानं तेलाकडे बघितलंच नसणार, दुसरं काय. मधल्याचा चेहरा असा पडला, वहिनी म्हणाल्या, नेटवर्क गेलं का रे?

तर आता डब्याचे पैसे इंजिन उघडण्यात जाणार. कंपनीचाच कॉम्प्युटर राहतोय, आणि मला विचाराल तर तेच शहाणपणाचं. वहिनी म्हणतायत, टोयोटा घे.

आणि हो, तुमचा पुण्याचा पुतण्याही गाड्यांचा नादिष्ट ना? असली कुणी गळ्यात मारायला आलाच तर त्याला सांगा, आधी दोन्ही रोटरचे तीन-तीन, असे सहा आकडे कागदावर माग. आणि मी सांगितलं म्हणू नका.