पोटखराबा

धरणगावात आप्पांना न ओळखणारा एखादा सापडेल; आप्पांच्या सायकल-स्टँडबद्दल न ऐकलेला सापडणार नाही. स्टँड त्यांनी अजून घेतलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आप्पा भूमी अभिलेखमधून निवृत्त झाले. उभा जन्म लोकांची शेतं मोजण्यात गेला, त्यामुळे वस्तू दिसली की हात आधी खिशातल्या टेपकडे जातो. या जातीची माणसं गावोगाव असतात. त्यांना पंखा घ्यायचा असेल तर आधी वाऱ्याचा अभ्यास होतो. पैसे देऊन वस्तू घरी आणणं हे त्यांच्या लेखी हलकं काम, ते कुणीही करावं. खरं काम निवडीचं, आणि ते घाईत उरकणं म्हणजे बांध न बघता मोजणी करणं.

सायकल त्यांची ॲटलस. काळी, दांडीची, 28 इंची चाकं, रॉडचे ब्रेक. सोनीपतची ही कंपनी 1951 सालची. तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला आणि आप्पांनी जाहीर केलं, की आता हिची देखभाल आपण घरीच करायची. पण कंबर वाकत नाही. म्हणजे सायकल वर उचलून धरणारं स्टँड आलं. म्हणजे अभ्यास आला.

“डबल स्टँड आहे ना भो तिला,” शेजारी म्हणाला.

“त्याने मागचं चाक उचललं जातं,” आप्पा म्हणाले. “चेनला तेल द्यायला ठीक. पुढच्या चाकाचा आउट काढायचा झाला तर? आणि उकिडवं कोण बसणार, तू?”

शेजाऱ्याने पुन्हा विषय काढला नाही.

आप्पांची वही मी पाहिली आहे. प्रत्येक स्टँडची नोंद त्यांनी सातबाऱ्याच्या धर्तीवर केली आहे. वर गट क्रमांक, मग क्षेत्र (म्हणजे पाय फाकवल्यावर किती जागा अडते ते), आकार म्हणजे किंमत, इतर अधिकार म्हणजे बायकोची हरकत. आणि शेवटी पोटखराबा, म्हणजे खोट. कुठलंही स्टँड या रकान्यातून सुटलेलं नाही.

मागच्या चाकाशी अडकवायचं ठेंगणं स्टँड स्वस्त. पोटखराबा, कंबर वाचत नाही. दुसरा प्रकार पुढचं चाक काढून चिमटाच जखडून ठेवणारा. तो शर्यतीच्या सायकलींचा, ज्यांचं चाक एका खटक्यात निघतं. आप्पांचं चाक नटबोल्टचं. मडगार्डच्या तारा आणि ब्रेकचा सांगाडा मध्ये. शेरा असा: ‘चाक काढण्यास स्टँड आवश्यक. स्टँडवर चढविण्यास चाक काढणे आवश्यक.’ भिंतीत ठोकायचं स्टँड जागा खात नाही, पण घर धाब्याचं, भिंत मातीची. बोल्ट मातीत कसा धरेल, हे तपासायला आप्पांनी एक भोक पाडून पाहिलं. इतर अधिकाराचा रकाना त्या दिवशी भरला.

राहिलं तीन पायांवर उभं राहून जबड्यात सायकल धरणारं. खरं स्टँड हेच, यात शंका नाही. दोन्ही चाकं मोकळी, चेन कमरेच्या उंचीवर. जबडा सीटखालच्या दांड्याला लावावा म्हणतात, कारण हल्लीच्या सायकलींची नळी पातळ, दाबली तर चेपते. आप्पांची सीट पार खाली बसवलेली, दांडा दोन बोटं दिसतो. सीट वर घ्यावी तर आप्पांचे पाय पायडलला पोचत नाहीत. मग दांडीला लावा. ती पोलादी आहे, चेपायची नाही. पण वीस किलोच्या पुढचं धूड, आणि हँडलच्या बाजूने खाली झुकणारं. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या जबड्याचा भरवसा काय? शिवाय कॉटर पिन हातोडीने ठोकून काढायची असते. अधांतरी सायकलवर हातोडी मारली की घाव पिनेला कमी आणि स्टँडला जास्त. हा मुद्दा मलाही पटला.

स्टँडचा इतिहासही आप्पांनी सोडला नाही. अमेरिकेत सेंट पॉल गावी रेडिओ आणि सायकलींचं दुकान चालवणारे दोघं जण वाकून वाकून कंटाळले, त्यांनी स्वतःच एक स्टँड जुळवलं आणि त्यातून 1963 साली पार्क टूल ही कंपनी निघाली. ही कथा आप्पा मिस्त्रीच्या टपरीवर बसून सांगतात. मिस्त्री चाकाचे छर्रे रॉकेलमध्ये धूत ऐकतो.

“मंग आपण बी बनाडू ना आप्पा,” तो म्हणाला. “जिनिंगवाल्यांकडे भंगार काय कमी शे? वेल्डिंग मारी देसू.”

आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने मोजणीविना बांध सरकवला असावा.

“वजनाची हमी कोण देणार?”

मिस्त्रीने छर्रे परत कपात भरले, ग्रीस लावलं आणि कोन आवळला. त्याच्या गिऱ्हाइकाची सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी होती.

तोवर आप्पांची सायकल घरात सराला, म्हणजे छताच्या तुळईला, टांगलेली असते. सराला झोक्याच्या दोन कड्या आहेत; एक दोर सीटखालून, एक हँडलखालून. चाकं दोन्ही मोकळी, चेन कमरेला, हवी तेवढी उंची, खर्च शून्य. याच व्यवस्थेत आप्पांनी चेन धुतली, ब्रेकचे गट्टे बदलले, चाकाचा आउट काढला. वहीत मात्र तिची नोंद नाही. विचारलं तर म्हणतात, “ती तात्पुरती सोय आहे.” सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडी ‘तात्पुरती’ आलं, की ती सोय नातवंडांना पुरते.

पण आखाजी आली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि झोका नाही ती आखाजी कसली. काकूंनी चार दिवस आधीच बजावलं, “ते धूड उतरवा. पोरी येताहेत.” आप्पांनी सायकल उतरवली, त्याच कड्यांना झोका बांधला आणि दोर स्वतः ओढून पाहिला.

सणाच्या दिवशी लेक आणि तिच्या मैत्रिणी फळीवर उभ्या राहून झोके घेत होत्या, गाणी चालली होती, जावई ओट्यावर आमरसाची वाटी घेऊन बसले होते. सर करकरला, पण कड्या जागच्या हलल्या नाहीत. आप्पा खांबाला टेकून वर बघत होते. मग खिशातून वही काढली.

“ताई,” त्यांनी भर घरात विचारलं, “तुझं वजन किती गं आता?”

गाणं थांबलं. जावयांची वाटी तोंडाशी थांबली.

“आप्पा!”

“अगं, स्टँडसाठी विचारतोय.”