खासगी फक्त साहेबांचं

सरकारचं आपल्यावर केवढं प्रेम बघा, दिवसातून दोनदा आपला फोटो लागतो त्याला. रोजगार हमीचं मस्टर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर गेलं. सकाळी फावडं हातात घेऊन एक फोटो, दुपारून दुसरा. मेळघाटातल्या धारणी तालुक्यात काम असतं तिथं टावर नसतो आणि टावर असतो तिथं काम नसतं, ही किरकोळ बाब. मेटनं, म्हणजे कामावरच्या मुकादमानं, खाली नाल्यात फोटो काढायचा आणि टेकडीवर जाऊन चढवायचा.

"चढला काय बे?"

"फिरूनच रायलं, भाऊ."

त्या गरगरणाऱ्या चकतीवर मजुराचा अख्खा दिवस बसलेला असतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानंच पत्रक काढून कबूल केलं, की भलतेच फोटो चढवले जातात, काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढून हजेरी लागते. म्हणजे खऱ्या मजुरानं टेकडी चढायची, खोट्यानं खाटेवर बसून पगार घ्यायचा. उपाय? ग्रामपंचायतीनं सगळेच्या सगळे फोटो तपासावेत. माणूस तपासायला फोटो आणला, आता फोटो तपासायला माणूस!

बायाबापड्यांवर प्रेम जरा जास्तच. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार चेहरा जुळल्याशिवाय मिळत नाही. पोटुशी बाई मोबाईलपुढं उभी. "ताई, डोळे मिचकवा." ती मिचकवते. "आणखी एकदा." मागं रांगेतल्या पोरी पदर तोंडाला लावून हसतात. मेळघाटातल्या कुपोषणावरच्या याचिका उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालल्यात. लेकरू हडकलं तर यंत्रणेला दिसत नाही, आईचे गाल खपाटीला गेले की मात्र यंत्राला ओळख पटत नाही.

चेहऱ्याचा भाव काय, ते हरिसालला विचारा. धारणी तालुक्यातलंच गाव. २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्ट आलं, टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट आलं, पाठोपाठ सरकारी जाहिरात आली. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी तीच जाहिरात पडद्यावर लावली आणि तिच्यातला तरुणच मंचावर उभा केला. एकाच पोट्ट्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंचा प्रचार झाला. मजुरी किती मिळाली, ते कुठल्याच मस्टरवर नाही.

आता हेच उलटं करून बघा. साहेबांचा चेहरा मागा.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कोणाचा, याचा उलगडा २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं केला. माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात पूर्वी अशी सोय होती, की व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागे, आणि जी विधिमंडळाला नाकारता येत नाही ती तुम्हाआम्हालाही नाकारता येत नसे. नव्या कायद्यानं ते कलमच बदललं; नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी 'वैयक्तिक' एवढाच शब्द पुरतो. जनहिताचं दुसरं पोटकलम शाबूत आहे, असं सरकार सांगतं. असेल बाप्पा! कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे.

शिवाय त्याच नव्या कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय आहे, आणि खोटी नाहीतर फालतू तक्रार करणाऱ्या नागरिकाला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची. फालतू कोणती, ते ठरवायला अर्थात आपल्याला कोणी बोलावणार नाही.

तरी ज्याला रस्त्याचं बिल कोणी उचललं, आहाराचा ठेका कोणाचा, हे विचारायची खाज असेल त्यानं जरूर अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमानं अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. फोटो दिवसाला दोन, शब्द मात्र मोजून. उत्तर येईल, "सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." अर्जासोबत दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायला विसरू नका. ते तेवढं साहेबांना वैयक्तिक वाटत नाही.